डासाचा हिशोब वटवाघळाला लावू नका

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की इकडे गावच्या वडा-पिंपळावर लटकलेल्या वटवाघळांवर संक्रांत येते. फांद्या छाटा, फटाके लावा, धूर करा, अशा मागण्या निघतात. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या अभ्यासातून २०२१ मध्ये पुढे आलं, तेव्हापासून तर ‘आता आपल्याकडेही आलाच’ असं लोक बोलून जातात. या सगळ्यामागे एकच समजूत आहे: डासांनी मलेरिया पसरतो, तसाच वटवाघळांनी निपाह. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी उपायही चुकतात.

डासाचं फार सांगायला नको. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात असतात हे रोनाल्ड रॉसनं १८९७ साली सिकंदराबादला पाहिलं. बाकीचं शाळकरी पोरंही सांगतील. इथे एवढंच लक्षात घ्या की अंडी घालण्यासाठी मादीला रक्त लागतं, म्हणून ती आपल्याला शोधत येते. एका रुग्णाचं रक्त पिते आणि तेच जंतू दुसऱ्याच्या अंगात सोडते. डास मारले की साखळी तुटते.

वटवाघळाला आपल्याकडून काहीच नको असतं. निपाहचा विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या अंगात मुक्कामाला असतो. त्यांना त्याचा त्रास होत नाही. त्यांच्या लाळेतून, मुतातून तो बाहेर पडतो, तोही अधूनमधून. तिथून माणसापर्यंत यायला त्याला बहुतेक वेळा मध्ये काहीतरी लागतं, आणि हा मधला दुवा जागोजागी वेगळा निघाला आहे.

मलेशियात १९९८-९९ मध्ये तो दुवा म्हणजे डुकरं. डुक्करपालनाच्या गोठ्यांना लागूनच फळबागा होत्या. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडायची, ती डुकरं खायची, आणि डुकरांकडून आजार त्यांना सांभाळणाऱ्यांना झाला. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू. साथ आटोक्यात आणायला १० लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. बांगलादेशात डुकरांचा संबंधच नव्हता. तिथे हिवाळ्यात शिंदीचा कच्चा रस पितात. रात्री झाडाला मडकं लावलेलं असताना वटवाघळं येऊन रस चाटतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. बांबूच्या चटईनं खाच आणि मडकं झाकलं की ती वाट बंद होते. केरळच्या कोळीकोड भागात २०१८ मध्ये निपाहनं १७ जण दगावले, त्यातल्या बहुतेकांनी वटवाघूळ जवळूनही पाहिलं नसेल. त्यांना लागण झाली ती मुख्यतः रुग्णालयात, आधीच्या रुग्णांच्या सहवासात. तिथे उपयोगी पडले ते मास्क, हातमोजे आणि संपर्कात आलेल्यांना वेगळं ठेवणं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा विषाणू १९९४ मध्ये ब्रिस्बेनला सापडला. तोही फळखाऊ वटवाघळांतलाच, पण ज्या माणसांना झाला त्या सगळ्यांना आजारी घोड्यांकडून झाला. जखमी वटवाघळांची देखभाल करणाऱ्या, त्यांचे ओरखडे आणि चावे सोसलेल्या शंभराहून अधिक लोकांचं रक्त तपासलं, तर एकालाही लागण झालेली नव्हती. म्हणून तिथे घोड्यांसाठी लस काढली.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. एक कीटक, दुसरं सस्तन. एकाची शेकडो अंडी, दुसऱ्याचं वर्षाला बहुधा एकच पिल्लू. आणि सगळी वटवाघळं एक नव्हेत: कोळीकोडच्या साथीतल्या पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत सापडलेली छोटी, किडे खाणारी वटवाघळं तपासणीत निर्दोष ठरली होती. तरी बातमीसोबत फोटो कुठल्याही वटवाघळाचा चालतो, जबडा उघडा असला म्हणजे झालं. याची मला मनापासून चीड आहे.

मारून टाकलं तर काय होतं, याचाही अनुभव जगाला आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग हा इबोलासारखा जीवघेणा आजार झाला. तो मात्र खाणीतल्या वटवाघळांकडूनच. तेव्हा ती वटवाघळं संपवली गेली. काही वर्षांनी तिथे नवी येऊन राहिली, तर त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या अडीच पट निघालं, आणि २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गची मोठी साथ आली. वसाहत उधळली की जिवंत उरलेली पांगतात आणि रिकाम्या जागी लागण न झालेली नवी पिल्लं, नवे थवे येतात. विषाणूला नेमकं तेच हवं असतं. फटाके लावणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आपल्याकडे करायचं काय? झाड तोडू नका. चोच किंवा दात लागलेलं फळ टाकून द्या. ‘तेवढाच भाग कापून खाऊ’ हे मला मुळीच पटत नाही. नीरा आपल्याकडेही अनेकदा शिंदीच्याच झाडाची असते, तेव्हा मडकं झाकलेलं असतं का, हे विक्रेत्याला विचारायला लाजू नका. मेलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका. आणि वटवाघूळ चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर तिथे प्रश्न निपाहचा कमी आणि रेबीजचा जास्त असतो. भारतात रेबीज मुख्यतः कुत्र्यांकडून होतो, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लसीचं विचारा.