डीपी रोड

डीपी रोड म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये, आखलेला रस्ता. आखलेला, बांधलेला नव्हे. हा फरक एकदा डोक्यात बसला की महाराष्ट्रातल्या वाढत्या गावांच्या ट्रॅफिकचं निम्मं कोडं तिथेच सुटतं. पुण्यात तर हे पत्त्यातलं नावच होऊन बसलंय, औंधला एक डीपी रोड, कोथरूडला एक, आणि म्हात्रे पुलाकडून राजाराम पुलाकडे नदीकाठाने जाणारा तो लग्नाच्या लॉन्सवाला एक. हे नशीबवान, नकाशावरून जमिनीवर उतरलेले. बाकीचे बरेच अजून कागदावरच आहेत आणि त्यांच्या भरवशावर बिल्डिंगा मात्र उभ्या राहिल्यात.

याचा कायदेशीर पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, बोलीत एमआरटीपी. त्याच्या आधी मुंबई इलाख्यात १९१५ चा टाऊन प्लॅनिंग ॲक्ट होता, देशातला अशा प्रकारचा पहिला, मग १९५४ चा आला. एमआरटीपीत क्रम असा: महापालिका किंवा नगरपरिषद आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, जमिनीवर आज काय आहे त्याचा नकाशा बनतो, त्यावर पुढच्या साधारण २० वर्षांचे रस्ते, शाळा, बागा, मार्केटची आरक्षणं टाकली जातात, कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, लोक ३० दिवसांत हरकती-सूचना देतात, सुनावण्या होतात आणि शेवटी सरकार मंजुरी देतं. ऐकायला सरळ वाटतं. पुण्याचे मंजूर आराखडे बघा, १९६६, १९८७ आणि मग थेट २०१७, म्हणजे २० वर्षांचं काम ३० वर्षांवर गेलं आणि तेवढ्या काळात ज्या शेतातून रस्ता आखायचा होता तिथे चार मजले चढलेले असतात.

रुंदी कशी ठरते? इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ सालची संस्था, रस्त्यांची मानकं तीच काढते, आणि शहरी रस्त्यांसाठी तिची जुनी मानकं मुख्य रस्त्याला ५० ते ६० मीटर, त्याखालच्याला ३० ते ४०, आजूबाजूच्या वस्तीची वाहनं गोळा करणाऱ्या रस्त्याला २० ते ३० आणि गल्लीला १० ते २० मीटर असं सांगतात. ही रुंदी फक्त डांबराची नाही हे लोक विसरतात. २४ मीटरचा डीपी रोड घ्या: दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन म्हणजे १४ मीटर, मधे सव्वा मीटरचा डिव्हायडर, उरले पावणेनऊ, म्हणजे एका बाजूला जेमतेम सव्वाचार-साडेचार मीटर, त्यात फुटपाथ, सायकल ट्रॅक, पावसाळी गटार, लाइटचे खांब, झाडं आणि महावितरणचा डीपी (हा वेगळा डीपी, ट्रान्सफॉर्मरवाला) सगळं बसवायचं. म्हणून कुणी "थोडी रुंदी कमी करा की" म्हणालं की पहिला बळी फुटपाथचा जातो.

आता गाड्या. आपल्याकडे एकाच रस्त्यावर बस, रिक्षा, स्कूटर, हातगाडी सगळंच, म्हणून मोजताना सगळ्याचं कारमध्ये रूपांतर करतात, त्याला पीसीयू म्हणतात. कार म्हणजे १, बस किंवा ट्रक गर्दीतल्या प्रमाणानुसार २.२ ते ३.७, आणि टू-व्हीलरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर एक टू-व्हीलर ०.७५. हे आकडे रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मानकातले, नंतर २०१७ मध्ये भारतीय रस्त्यांवर प्रत्यक्ष मोजून इंडो-एचसीएम नावाचं मॅन्युअल आलं, पण कल्पना तीच. त्याच १९९० च्या मानकानुसार डिव्हायडरवाला चौपदरी मुख्य रस्ता दोन्ही दिशा धरून तासाला ३६०० पीसीयू नीट वाहतो, दुपदरी १५००.

समजा एक ५०० फ्लॅटची सोसायटी आहे, सकाळच्या एका तासात तिथून २०० कार आणि २०० टू-व्हीलर निघाल्या. झाले ३५० पीसीयू. अशा चार सोसायट्या गावच्या एकाच दुपदरी रस्त्यावर ओतल्या तर १४००, म्हणजे रस्ता भरला, आणि यात दूधवाला, स्कूलबस, सिमेंटचा मिक्सर, पलीकडून येणारे कुणी धरलेलेच नाहीत, शिवाय रस्त्याच्या कडेला भाजीची गाडी आणि डबल पार्किंग असेल तर ते १५०० पण खरे नाहीत. चारही सोसायट्यांना परवानगी मिळते तेव्हा प्रत्येकीच्या नकाशावर शेजारून "प्रस्तावित २४ मीटर डीपी रोड" गेलेला असतोच. प्रस्तावित.

आणि गंमत अशी की बांधकामाची उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल तो आकडा) रस्त्याच्या रुंदीवर मिळतो, २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही तसंच आहे. बिल्डर आपल्या प्लॉटसमोरचा तुकडा ताब्यात देतो, तेवढा काँक्रीटचा गुळगुळीत होतो, पुढचा शेतकरी जागा देत नाही, त्याच्या पुढचा परत देतो. नकाशावर दोन किलोमीटरचा रस्ता ९० टक्के पूर्ण दिसतो आणि मधले २०० मीटर नसल्यामुळे त्याचा उपयोग फक्त पार्किंगला आणि संध्याकाळी क्रिकेटला. पुण्यात याला "मिसिंग लिंक" म्हणतात. रस्त्याचं गणित टक्केवारीवर चालत नाही, नळाच्या पाइपसारखं आहे, मधे एक फूट नसेल तर पाणी येणार नाही.

मधला माणूस जागा का देत नाही? त्याला अडवणूक करणारा म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. कलम १२६ खाली जागा तीन तऱ्हेने मिळते. वाटाघाटीने रोख पैसे, किंवा एफएसआय-टीडीआर (पैशांऐवजी बांधकामाचा हक्क, तो दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो), नाहीतर भूसंपादन. महापालिकेला टीडीआर परवडतो कारण तिजोरीतून काही जात नाही, पण ज्याची एकूण जमीनच १५ गुंठे आणि त्यातून ११ गुंठे रस्त्यात, त्याने तो टीडीआर घेऊन करायचं काय, बाजारात विकायचा तर भाव बिल्डर ठरवणार. तो रोख मागतो, आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर मोबदला शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चारपटीपर्यंत जातो, तेवढं बजेट नसतं. मग फाइल फिरत राहते. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर त्या जागेवरचं आरक्षण रद्द होतं. दोरीतली एक गाठ सुटली की झालं.

हद्दीजवळच्या गावांत आणखी एक भानगड, गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, दलाल शेताचे तुकडे पाडून विकतो, मधे दहा-बारा फुटांचा बोळ ठेवतो, घरं होतात, २००१ मध्ये ती नियमित करायला कायदाही करावा लागला. पुण्याच्या हद्दीत १९९७ ला गावं आली, २०१७ ला ११ आली, २०२१ ला आणखी २३ आली, आणि दर वेळी गाव आधी भरलं, आराखडा नंतर आला. हिंजवडीला तर आयटी पार्क एमआयडीसीचं, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतीची आणि २०१५ पासून वर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. एकाच चौकात तीन मालक.

रेषा रस्त्यात न उतरणं दर वेळी वाईटच असं नाही हेही सांगायला हवं. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यातला एचसीएमटीआर, शहराभोवतीचा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, २४ मीटर रुंद, मूळ कल्पना सार्वजनिक वाहतुकीची आणि चांगली होती, पण इतकी वर्षं ती रेषाच राहिली, टेंडरपर्यंत गाडी गेली आणि परत फिरली. उलट बालभारती ते पौड फाटा हा वेताळ टेकडीतून जाणारा रस्ता, त्याला लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, आणि टेकडी कापून काही मिनिटं वाचवायची का हा प्रश्न काही खुळा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस, जे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते तेव्हाच जुन्या वस्त्या पाडून सरळसोट रस्ते काढायच्या विरोधात होते, थोडीथोडी दुरुस्ती करा म्हणायचे.

एक वेगळी वाट आहे, नगररचना योजना, टीपी स्कीम. यात एकेकाची जागा न घेता सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून प्रत्येकाला परत द्यायची. जमीन कमी मिळते पण रस्त्यावरची मिळते, आणि मुख्य म्हणजे ११ गुंठे एकट्याचे जात नाहीत, सगळ्यांचे थोडेथोडे जातात. गुजरातने हे मनापासून केलं, अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीच जागा अशीच मिळाली. महाराष्ट्रात कायदा त्याच १९१५ पासूनचा, पण मधल्या काळात आपण तो जवळजवळ विसरलो, अलीकडे हिंजवडीजवळ म्हाळुंगे-माणच्या बाजूला परत सुरुवात झाली. पुण्यात मगरपट्ट्याला शेतकऱ्यांनी आपणहून ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून टाऊनशिप केली, आतले रस्ते बघा, मिसिंग लिंक शोधून सापडणार नाही.

डीपी रोड ओळखायचा कसा, तर ब्रोशरवरून नाही. जागेचा सर्व्हे किंवा गट नंबर घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढता येतो, त्यात आखणी आणि रुंदी दिसते. मी स्वतः फ्लॅट घेताना हे केलं नव्हतं, सेल्सवाला म्हणाला "सर, दिवाळीपर्यंत रोड होतोय", कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही. तो भाग नकाशा हातात घेऊन साइटपासून मुख्य रस्त्यापर्यंत एकदा पायी जायचं, आणि जिथे ऊस लागतो तिथे थांबून शेतात कुणी असेल तर त्याला विचारायचं, काका, मोजणी झाली का, पैसे मिळाले का.