पांढरं एकाकडे, पिवळं दुसऱ्याकडे

‘अंड्यातलं काहीही टाकू नका’ असं सांगणारे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. पांढऱ्याचं मेरँग (साखर घालून फेटलेला आणि भाजलेला फेस), पिवळ्याचं कस्टर्ड, टरफलाचं मोझॅक. हे सगळं आजीच्या काळातली काटकसर म्हणून सांगितलं जातं. मागे वळून पाहिलं तर मात्र वेगळंच दिसतं. ज्या ज्या कामात अंड्यांचा खरा खप होता, तिथे एकाला अर्धंच अंडं लागायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्याचं काम चालायचं.

फार जुनं एका वाक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ इथे सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीची, रेघा कोरलेली शहामृगाच्या अंड्यांची टरफलं सापडली आहेत. पुढे मध्ययुगीन युरोपातल्या चित्रकाराकडे अंड्याचे दोन्ही भाग कामाला येत. पांढरं फेटून, फेस बसू देऊन खाली जे पातळ पाणी उतरे, त्याने सोन्याचा वर्ख चिकटवायचा. पिवळ्यात रंग कालवायचा. १४०० च्या आसपासच्या एका इटालियन हस्तपुस्तिकेत तर बारकावा असा आहे, की तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीचं फिकं पिवळं घ्यावं आणि म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांसाठी खेड्यातल्या कोंबडीचं लालसर.

इथे शब्दांचा घोळ सोडवावाच लागतो, कारण मराठीत तो रोज नडतो. बलक म्हणजे खरं तर पिवळा भाग. पण बोलताना ‘पांढरा बलक’ सर्रास म्हटलं जातं, आणि मग ‘पिवळा बलक’ असं वेगळं सांगावं लागतं. पाककृतीत नुसतं ‘बलक वेगळा काढून घट्ट होईपर्यंत फेटा’ असं लिहिलं असेल तर काय करायचं? मी एकदा शब्दाला जागून चार पिवळे बलक वीस मिनिटं फेटत बसलो होतो. फिकट झाले, फुलले, पण शिखरं काही उभी राहिली नाहीत. लिहिणाऱ्याला पांढरं अभिप्रेत होतं. दुसरा घोळ अल्ब्युमेन आणि अल्ब्युमिनचा. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातलं अख्खं पांढरं. अल्ब्युमिन हा प्रथिनांचा एक गट, जो रक्ताच्या रिपोर्टातही भेटतो. जुन्या फोटोंबद्दल लिहिताना ‘अल्ब्युमिन प्रिंट’ असं छापून येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुठलंसं रसायन असावं. रसायन कसलं, ते कोंबडीच्या अंड्यातलं पांढरं होतं. म्हणून मी खाली पांढरं आणि पिवळं एवढेच शब्द वापरतो.

अंड्याची वाटणी प्रचंड प्रमाणावर झाली ती या फोटोंपायी. १८५० मध्ये फ्रान्समध्ये ही पद्धत जाहीर झाली. मीठ घातलेलं पांढरं कागदावर चढवायचं, वाळवायचं, मग चांदीच्या क्षाराच्या द्रावणावर तरंगवून तो कागद प्रकाशाला संवेदनशील करायचा. पांढऱ्यामुळे प्रतिमा कागदाच्या धाग्यांत न मुरता वरच राही, म्हणून बारीक तपशील आणि चकाकी मिळे. पुढची चाळीसेक वर्षं जगातले बहुतेक फोटो असेच छापले गेले. जर्मनीतलं ड्रेस्डेन हे या कागदाचं माहेरघर. तिथल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने एकट्या १८८८ साली १८,६७४ रिमं काढली. ४८० तावांच्या एका रिमाला २७ डझन अंडी, म्हणजे एका अंड्यात जेमतेम दीड ताव. वर्षाची अंडी साठ लाखांवर जातात.

साठ लाख पिवळ्यांचं काय? ती फेकली जात नसत. मीठ घालून टिकवलेलं पिवळं चामड्याच्या कारखान्यांत जाई. हातमोज्यांचं मऊ कातडं तुरटी, मीठ, पीठ आणि पिवळ्याच्या लगद्यात मळत. पिवळ्यातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव करतं, त्यामुळे कातडं लवचीक राहतं. काही पिवळं बेकऱ्यांकडेही वळे. १८९० च्या दशकात जिलेटिनच्या कागदांनी ही जागा घेतली आणि ही साखळी तुटली.

बेकिंगमध्ये हीच वाटणी घरात आली. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पाकपुस्तकांत ‘सिल्व्हर केक’ आणि ‘गोल्ड केक’ जोडीने दिसतात, एक पांढऱ्याचा आणि दुसरा पिवळ्याचा. पोर्तुगालच्या मठांतल्या पिवळ्याधमक मिठायांबद्दल सांगतात, की पांढरं कपड्यांना खळ द्यायला जाई आणि पिवळं उरे. गोष्ट छान आहे, पण नुसत्या उरलेल्या पिवळ्याने मिठाई होत नाही; मदेरा बेटाची आणि मग ब्राझीलची साखर आली नसती तर ते पिवळं कशात शिजवलं असतं? ज्यांना अंडं चालतच नाही त्यांची सोयही एकोणिसाव्या शतकातच झाली. इंग्लंडमधल्या एका औषधविक्रेत्याने अंड्याची आणि यीस्टची ॲलर्जी असलेल्या बायकोसाठी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर आणि १८४३ मध्ये बिनयीस्टची बेकिंग पावडर बनवली.

टरफलाला मान मिळाला तो लाखकामात. ही लाख किड्यांची नव्हे, झाडाच्या चिकाची. नैसर्गिक लाखेत शुद्ध पांढरा रंग उतरतच नाही, तपकिरी छटा येते. म्हणून टरफलाचे तुकडे एकेक करून ओल्या लाखेत बसवायचे, वर थर द्यायचे आणि घासून पांढरं पुन्हा उघडं करायचं. १९२०-३० च्या दशकांत पॅरिस आणि हनोईत या कामाला बहर आला. तुकडा बसवण्याआधी आतला पापुद्रा सोलावा लागतो, नाहीतर टरफल नीट चिकटत नाही. आजच्या मोझॅकच्या व्हिडिओंत ही पायरी बहुतेकदा गाळलेली असते. टरफल चुरून कुंडीत टाकण्याचा सल्लाही तसाच अर्धवट आहे. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं हे खरं, पण जाडे तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पिठासारखं दळलं तरच काही उपयोग.

आता पाश्चराइज केलेलं पांढरं वेगळ्या डब्यात मिळतं, पिवळं वेगळ्या. मॅकरॉनवाला पहिला डबा उचलतो, मेयोनीजवाला दुसरा, आणि फोडणाऱ्या कारखान्याकडे टरफलांचे ढीग उरतात. त्यातला पापुद्रा सोडवून घ्यायची यंत्रं आली आहेत. तो सौंदर्यप्रसाधनांत आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांत जातो.