डोनाटोज : विकून परत घेतलेला घरचा पिझ्झाचा धंदा

पिझ्झाच्या ज्या अमेरिकी नावांनी पुढे जगभर दुकाने थाटली, ती न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांतून आली असावीत असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक नावे देशाच्या मध्य-पश्चिम भागातली आहेत आणि त्यांच्या जन्मात जेमतेम एकेका वर्षाचे अंतर आहे. १९५८ साली विचिटा येथे कार्नी बंधूंनी पिझ्झा हट काढले, १९५९ मध्ये डेट्रॉइटजवळ लिटल सीझर्स सुरू झाले आणि १९६० मध्ये मिशिगनमधल्याच इप्सिलँटी येथे डॉमिनोजचा पाया घातला गेला. १९६३ साली ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबसमध्ये, जिम ग्रोट या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने १,३०० डॉलरना एक लहानसे पिझ्झाचे दुकान विकत घेतले, ते याच काळात. 'डोनाटोज' हे त्या दुकानाचे नाव आधीपासूनचे होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'चांगली वस्तू देणे' असा होतो, असे कंपनी सांगते. लॅटिनच्या जाणकारांनी तो फार ताणून पाहू नये.

कोलंबसच्या पिझ्झाची स्वतःची घडण आहे. पोळी पातळ असते, वरचे पदार्थ कडेपर्यंत पसरलेले असतात आणि कापताना त्रिकोणी फोडींऐवजी आयताकृती तुकडे केले जातात. ग्रोट यांनी ही स्थानिक पद्धत तशीच ठेवली, मात्र तिला मोजमापाची शिस्त लावली. मोठ्या पिझ्झावर पेपरोनीच्या, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या, शंभर चकत्या असायलाच हव्यात, हा त्यांचा नियम पुढे कंपनीची ओळख बनला. हाताने चकत्या कापणाऱ्याकडून असा नियम रोज पाळला जाणे कठीण असते, कारण गर्दीच्या वेळी चकत्या जाड होतात आणि त्यांची संख्या घटते. म्हणून ग्रोट यांनी थेट पिझ्झावरच पेपरोनी कापून पसरवणारे यंत्र तयार करवून घेतले आणि १९७० च्या दशकात अशी यंत्रे बनवणारी ग्रोट कंपनी वेगळी उभी राहिली. एका दुकानाची चव दुसऱ्या दुकानात जशीच्या तशी मिळू लागणे हा साखळीचा खरा आरंभ मानला, तर डोनाटोजच्या इतिहासात या यंत्राला कोणत्याही नव्या शाखेपेक्षा मोठे स्थान द्यावे लागेल.

मोजूनमापून चालणारा हा व्यवसाय मोठ्या कंपनीच्या नजरेत भरला, यात नवल नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॅम्बर्गरच्या विक्रीची वाढ मंदावल्यामुळे मॅकडोनाल्ड्स इतर उपाहारगृहांत पैसा गुंतवू लागली होती. १९९८ मध्ये तिने चिपोटलेत भागभांडवल घेतले, १९९९ मध्ये डोनाटोज विकत घेतली आणि २००० मध्ये बॉस्टन मार्केट. ग्रोट कुटुंब व्यवस्थापनात राहिले, तरी मालकी गेली. आणि ओहायोच्या परिसरात रुजलेल्या या पिझ्झाची दुकाने थेट जर्मनीत उघडण्याचाही प्रयोग झाला. तो टिकला नाही. दरम्यान २००२ च्या शेवटच्या तिमाहीत मॅकडोनाल्ड्सने शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला तिमाही तोटा नोंदवला आणि नव्या नेतृत्वाने लक्ष पुन्हा बर्गरवर केंद्रित करून जोडधंदे काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले.

जिम ग्रोट आणि त्यांची कन्या जेन ग्रोट एबेल यांनी डिसेंबर २००३ मध्ये कंपनी परत विकत घेतली. या घटनेचे वर्णन बहुधा भावनेच्या अंगाने केले जाते आणि त्यात तथ्यही आहे, कारण सुरुवातीच्या काळात ग्रोट कुटुंब दुकानाला लागूनच राहत असे व पिझ्झाची वाट पाहणारी गिऱ्हाइके त्यांच्या दिवाणखान्यात बसत, अशी आठवण जेन यांनी सांगितली आहे. तरीही विकणाऱ्याला बाहेर पडण्याची निकड नसती, तर केवळ आपुलकीच्या बळावर हा व्यवहार झाला असता असे वाटत नाही.

पुनर्खरेदीनंतर विस्ताराची दिशा बदलली. स्वतःची आणि फ्रँचायझी दुकाने चालू ठेवून कंपनीने अलीकडच्या काळात रेड रॉबिन या उपाहारगृह-साखळीशी करार केला असून, तिच्या अनेक ठिकाणच्या स्वयंपाकघरांत डोनाटोजच्या नावाने पिझ्झा तयार होतो. मॅकडोनाल्ड्सप्रमाणेच रेड रॉबिनची प्रसिद्धीही मुळात बर्गरसाठी आहे. फरक इतकाच की या वेळी डोनाटोजची मालकी ग्रोट कुटुंबाकडेच आहे.