पार्किंगचा हिशोब गेटपासून सुरू व्हावा

दिल्लीत सरकारी कार्यालय बांधायचं तर 2021च्या बृहत् आराखड्याप्रमाणे दर 100 चौरस मीटर बांधकामामागे 1.8 मोटारींची जागा ठेवावी लागते. आकडा किरकोळ वाटतो. पण एक लाख चौरस मीटरच्या इमारतीला 1,800 मोटारींची सोय करावी लागते. तळघरात दर मोटारीमागे, येण्याजाण्याची वाट धरून, 32 चौरस मीटर मोजतात. गुणाकार करा: 57,600 चौरस मीटर. माणसं जिथे काम करणार त्याच्या निम्म्याहून जास्त जागा दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना, तीही जमीन पोखरून.

या खोदकामाची झळ झाडांना बसते. तळघर प्लॉटच्या कडेपर्यंत नेलं की जुन्या झाडांची मुळं तुटतात, आणि वर पुन्हा माती पसरली तरी त्यात वटवृक्ष वाढत नाही. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्यासह सात सरकारी वसाहतींचा पुनर्विकास केंद्राने 2016 मध्ये मंजूर केला. 12,970 जुन्या घरांच्या जागी सुमारे 25,667 नवी घरं होणार होती. जून 2018 मध्ये झाडं तोडण्याविरुद्ध रहिवासी रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवली. घरं दुप्पट झाली की नियमाप्रमाणे मोटारींच्या जागाही वाढतात, आणि त्या मावायला जमिनीखाली जावं लागतं. माझ्या मते त्या वादाचं एक मूळ पार्किंगच्या नियमात आहे.

समजा, तळघर झालं. आता गाड्या आत शिरणार कशा?

सरकारी आवारात पास बघतात, गाडीखाली आरसा फिरवतात. एका गाडीला सरासरी 12 सेकंद धरू. म्हणजे एका लेनमधून तासाला जास्तीत जास्त 300 गाड्या. मग 285 आल्या तर अडचण काय? अडचण अशी, की गाड्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी पाच एकदम येतात, कधी मिनिटभर कोणीच नाही. तो रिकामा गेलेला वेळ गेटला परत मिळत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने 1909 मध्ये याच प्रकारच्या प्रश्नाचं गणित मांडलं. तेव्हा गाड्यांऐवजी फोन होते. त्या परंपरेतलं सर्वांत साधं सूत्र लावून बघा. तासाला 240 गाड्या आल्या तर सरासरी रांग तीनेक गाड्यांची, थांबणं 48 सेकंदांचं. 285 आल्या तर रांग 18 गाड्यांची, थांबणं पावणेचार मिनिटांहून जास्त. फक्त 45 गाड्या वाढल्या, रांग जवळजवळ सहापट झाली. एका गाडीला सहा मीटर धरले तर ही रांग शंभर मीटरच्या पुढे जाते. गेट थेट रस्त्याला लागून असेल तर ती उभी राहणार रस्त्यावरच, बसच्या वाटेत.

म्हणून तपासणी फाटकावर न ठेवता बरीच आत ठेवावी आणि कर्मचारी व अभ्यागतांच्या लेन वेगळ्या कराव्यात. हे स्वस्तातले उपाय आहेत, पण नकाशा ठरतानाच करायचे. नंतर जागा उरत नाही.

संध्याकाळ त्याहून कठीण. सिग्नलवर हिरवा दिवा सलग तासभर राहिला तर एका लेनमधून साधारण 1,800 मोटारी सुटतात. पण हिरवा दिवा एक तृतीयांश वेळच मिळतो, म्हणजे खऱ्या तासाला 600. आपल्या 1,800 मोटारी त्या एका लेनने बाहेर पडायच्या तर तीन तास, आणि तेही त्या लेनमध्ये दुसरं कोणी नसेल तर! तळघराचे मजले वाढवता येतात, पण बाहेरच्या चौकाची क्षमता तेवढीच राहते. आधी चौक किती गाड्या सोसतो ते मोजावं, मग तळघर किती खोल ते ठरवावं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

दिल्लीतच एक वेगळं उदाहरण आहे. ऑगस्ट 2025 मध्ये उद्घाटन झालेलं कर्तव्य भवन 3 सुमारे दीड लाख चौरस मीटरचं आहे आणि त्यात 600 मोटारींची सोय आहे. त्या क्षेत्रफळातून दोन्ही तळघरं वजा केली तरी 1.8च्या हिशोबाने आकडा याच्या बराच पुढे गेला असता. आसपास मेट्रो आहे म्हणून एवढ्यावर भागवण्याचा विचार तरी करता येतो.

फुकट जागा दिली की माणूस गाडी काढतो, हे मोजलं गेलेलं आहे. कॅलिफोर्नियात 1992च्या एका कायद्याने काही मालकांना बंधन घातलं: कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग देता, तर ते नको असलेल्याला तेवढी रोख रक्कम द्या. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने अशा आठ ठिकाणी पाहणी केली. एकट्याने मोटार चालवत कामावर येणं 17 टक्क्यांनी घटलं होतं. ना रस्ता रुंद केला, ना पूल बांधला.

मुंबईत मंत्रालयालगतचं विधान भवन मेट्रो स्थानक ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालं. त्या भागातल्या सरकारी इमारतींचे नवे आराखडे होतील तेव्हा कोण कशाने येतं याची मोजणी नव्याने करावी लागेल. मेट्रोच्या आधीचे आकडे आता चालणार नाहीत.