बाथरूम नवं करायचंय? टाइल फोडायच्या आधी घराची कागदं काढा

नगररचना विभागाच्या खिडकीपुढं बाथरूमच्या कामासाठी दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, ज्यांना परवानगी लागतच नाही अन् उगाच हेलपाटे मारायलेत. दुसरी, ज्यांना लागते पण मिस्त्री म्हणला "काही लागत नाही" म्हणून आधीच भिंत पाडून बसलेत. दोघांचेही हाल बघवत नाहीत म्हणून हे लिहितोय.

आहे त्याच जागी टाइल बदलणं, जुनी सीट काढून कमोड बसवणं, पाइप, नळ, गिझर, वॉटरप्रूफिंग, ही सगळी दुरुस्ती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्येच आहे की घराच्या फक्त आतल्या भागापुरतं देखभालीचं, सुधारणेचं काम असेल तर परवानगीची गरज नाही. पण साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला हद्दीपर्यंत सोडायच्या मोकळ्या जागेत, किंवा परसात नवा संडास काढला, गच्चीवर बाथरूम चढवलं, घर बाहेरच्या बाजूला चार फूट वाढवलं, की ते बांधकाम झालं आणि कलम ४४ खाली अर्ज आलाच. एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची, जुन्या दगडी नाहीतर माळवदाच्या घरात भिंतीवरच छताचा भार असतो, ती भिंत आतली आहे म्हणून इंजिनिअरला न दाखवता फोडू नका. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडं कुणाला सांगायची गरज नाही.

अर्ज लायसन्सधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन जातो, नकाशात जुनं आणि नवं बांधकाम वेगवेगळं दाखवतात, फी भरायची. एवढंच. फाईल इथं अडत नाही.

अडते ती घराच्या जुन्या कागदांवर. नवीन काम मंजूर करायचं तर आधीचं घर मंजूर होतं का, हे बघतात, आणि वडिलांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घराचा मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम झाल्यावर राहायला दिलेली परवानगी) आपल्याकडं कुणाच्याच कपाटात नसतं. लोक टॅक्सची पावती पुढं करतात. पावती म्हणजे तुम्ही कर भरला एवढाच पुरावा, त्यानं मालकीही सिद्ध होत नाही अन् बांधकाम अधिकृतही होत नाही. मग काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी, जुन्या परवान्याची साक्षांकित प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी "अभिलेखात आढळून येत नाही" असं लेखी घ्या, म्हणजे रेकॉर्ड कार्यालयातच नाही हे कागदावर येतं. जे रेकॉर्ड सांभाळायचं काम ऑफिसचं, ते नागरिकाकडून मागतात, याचा राग येतो, पण रागानं फाईल हलत नाही.

दुसरी अडचण क्षेत्रफळाची. खरेदीखतात २० बाय ५० म्हणजे १००० चौरस फूट लिहिलेलं असतं, मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) मात्र ८८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९४७. एवढ्या फरकावर त्रुटी निघते. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून घरीच हिशोब करा, जुळत नसेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. आणि पत्रकावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस फेरफार केल्याशिवाय पुढं जाऊच नका. भाऊ-बहिणींची संमती तोंडी चालत नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या आणखी दोन गोष्टी. संभाजीनगरसारख्या शहरात गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची घरं पुष्कळ, तिथं आधी नियमितीकरण, मग वाढीव काम. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतलीत, त्यानंतरचं काम त्यात बसवायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दुसरं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात मदतमाश किंवा खिदमतमाश या निजामकाळातल्या इनामाची नोंद असेल तर तो विषय तहसीलचा आहे, तो सुटेपर्यंत नगरपालिकेत चकरा मारून उपयोग नाही.

आता ६० दिवसांचं. सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं आहे, कलम ४५ मध्येच आहे, पण ऑफिसनं मधे त्रुटी काढली तर दिवस तुम्ही पूर्तता दिली त्या तारखेपासून मोजायचे. आणि मुळात काम नियमात बसत असेल तरच. मार्जिनमध्ये घुसवलेला संडास ६० काय, सहाशे दिवसांनीही मंजूर होत नाही. म्हणून पूर्ततेची पोच, तारखेच्या शिक्क्यासह, जपून ठेवा बाबांनो.

काम आधीच झालंय आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून कलम ५३ ची नोटीस आलीय? नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. तिच्यात दिलेल्या मुदतीच्या आतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, मुदत फार थोडी असते, त्यामुळं त्याच दिवशी इंजिनिअर गाठा.

फ्लॅटवाल्यांनी बाथरूमची जागा शक्यतो बदलूच नये. खालच्याच्या किचनवर किंवा बेडरूमवर तुमचा संडास आला की गळतीचं भांडण जन्मभर पुरतं. इमारत नवी असेल तर रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं दुरुस्त करायचे असतात, पण फरशी तुम्ही फोडली की तो तुमच्याकडंच बोट दाखवणार. तेव्हा आधीच गळत असेल तर फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा, मगच हात लावा. सोसायटीलाही काम सुरू करायच्या आधी लेखी अर्ज द्या, कामाचा नकाशा जोडा, पोच घ्या, आणि चेअरमन जिन्यात भेटून "नाही चालणार" म्हणाले तर कारणासकट लेखी मागा.