काचेवरचा न हलणारा ठिपका

कॅनडात टोरांटोजवळ बटनव्हिल नावाचा एक छोटा विमानतळ होता. १० ऑगस्ट २०२१ रोजी दुपारी तिथे एक सेसना १७२ उतरत होतं. चार आसनं, एक इंजिन. जगभरातले शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात ते विमान. आत विद्यार्थी आणि प्रशिक्षक. धावपट्टी सव्वादोन किलोमीटरवर राहिली असताना दणका बसला. पक्षी धडकला असेल असं समजून त्यांनी विमान नीट उतरवलं. खाली येऊन पाहतात तर इंजिनाचं झाकण पुढून चेपलेलं, पण रक्त नाही की पीस नाही. ती धडक स्थानिक पोलिसांच्या ड्रोनची होती. कित्येक किलो वजनाचा तो ड्रोन जमिनीपासून सुमारे ४०० फुटांवर एका जागी थांबलेला होता. विमानातल्या दोघांनाही तो दिसलाच नव्हता.

स्वच्छ दिवसाउजेडी, समोरची वस्तू, आणि ती दिसली नाही? यावर पहिली प्रतिक्रिया ‘लक्ष नसेल’ अशी येते. ती त्या दोघांवर अन्याय करणारी आहे. थोडं गणित मांडलं तर का, ते कळतं.

एखादी वस्तू दिसणं, ती काय आहे हे ओळखणं, आपण तिच्यावर जाऊन आदळणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि मग विमानाने वळणं, या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात असं अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. सरळ उडणारं सेसना सेकंदाला सुमारे ६० मीटर कापतं. म्हणजे ड्रोन ७५० मीटरवर असतानाच दिसायला हवा. घरगुती ड्रोनची रुंदी साधारण ३५ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावरून तो किती दिसेल? चार मीटरवर भिंतीला चिकटवलेला मोहरीचा दाणा दिसतो तेवढा. तोही ढगांच्या पांढुरक्या पार्श्वभूमीवर, आणि त्या क्षणी नजर नेमकी तिथेच असेल तर.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आपली नजर हालचाल चटकन टिपते. पण ज्या वस्तूशी आपली टक्कर होणार असते, ती काचेवर इकडेतिकडे सरकत नाही. सरकणारा ठिपका बाजूने निघून जाणारा असतो. एकाच जागी खिळून राहिलेला ठिपका धोक्याचा. तो फक्त मोठा होत जातो आणि तेही शेवटी शेवटी. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो, त्यामुळे बहुतेक वेळ तो जेमतेम वाढतो. टकरीच्या एक सेकंद आधी, ६० मीटरवर, आपला ३५ सेंटिमीटरचा ड्रोन पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांशाएवढा दिसतो. एक सेकंद आधी!

अमेरिकेतल्या एम्ब्री-रिडल विद्यापीठाने २०१९ मध्ये याची प्रत्यक्ष चाचणी प्रसिद्ध केली. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेजवळ ड्रोन उडवून वैमानिकांना तो दिसतो का ते पाहिलं. ४० फेऱ्यांपैकी १२ वेळा दिसला. ड्रोन एका जागी स्थिर होता अशा २२ फेऱ्यांत तर अवघ्या ३ वेळा.

आता धडकेचं. ‘घारी-गिधाडं धडकतातच की, मग किलोभराच्या प्लास्टिकचं काय एवढं?’ असं बरेच जण म्हणतात. पक्ष्यांच्या धडका ड्रोनच्या धडकांपेक्षा कितीतरी जास्त होतात, हे खरंच आहे. पण वजन सारखं म्हणून मार सारखा नसतो. मोठ्या वेगात पक्ष्याचं शरीर पाण्यासारखं पसरतं आणि धक्का वाटला जातो. ड्रोनमध्ये पोलाद-तांब्याच्या मोटारी, बॅटरी, कॅमेरा असे घट्ट, टणक गोळे असतात. ते पसरत नाहीत, घुसतात. २०१८ मध्ये डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने साधारण एक किलोचा ड्रोन ताशी ३८३ किलोमीटर वेगाने मूनी एम-२० या छोट्या विमानाच्या पंखावर डागला. तो पंखाची कड फोडून आत गेला आणि पंख ज्याच्या आधारावर उभा असतो त्या मुख्य कण्याला त्याने इजा केली. तेवढ्याच वजनाच्या कृत्रिम पक्ष्याने कड जास्त चेपली, पण तो इतका खोल शिरला नाही.

हा वेग अवास्तव असल्याचा आक्षेप ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने घेतला, आणि त्यात तथ्य आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उतरणारं सेसना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे तोच ड्रोन तिथे जवळपास एक-दशांश ऊर्जेने आदळेल. तरीही मी निर्धास्त होत नाही. मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच चार पौंडांच्या पक्ष्याची धडक सोसेल हे आधी सिद्ध करावं लागतं. दोन-चार आसनी विमानाच्या ॲक्रिलिकच्या काचेला अशी परीक्षाच नसते. पंखाचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ, आणि काच फुटली तर तोंडावर येणारा वारा आणि तुकडे सोसायला बऱ्याचदा एकच माणूस. पक्ष्याच्या धडकेची अशी परीक्षा न दिलेल्या हेलिकॉप्टरच्या काचा तर नेहमीच्या वेगाच्या बऱ्याच खालीही टिकत नाहीत, असं ब्रिटनमधल्या २०१७ च्या चाचण्यांत दिसलं.

आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. कागदावर विमानं वर, ड्रोन खाली. पण इंजिन बंद पडल्याचा सराव करणारा विद्यार्थी मोकळ्या शेताकडे बराच खाली येतो, आणि गोंदिया, शिरपूरसारख्या ठिकाणी विमान शिकणारी मुलं आहेत. उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनची मला तितकी काळजी नाही, तो पिकाच्या दोन-तीन मीटर वर असतो. काळजी वाटते ती यात्रेचा किंवा लग्नाचा ‘टॉप व्ह्यू’ घ्यायला उंच चढवलेल्या ड्रोनची, कारण तेव्हा उडवणाऱ्याची नजर आभाळात नसते, मोबाइलच्या पडद्यावर असते.

काही ड्रोनमध्ये आता जवळच्या विमानाचे रेडिओ-संकेत ऐकून सावध करणारी सोय असते. चांगली आहे, पण विमानानेच संकेत पाठवले नाहीत तर ती मुकी, आणि कित्येक जुन्या छोट्या विमानांत ते यंत्र नसतं. वैमानिकाला ड्रोन दिसत नाही, इंजिनाच्या घरघरीत ऐकूही येत नाही. खाली उभ्या माणसाला मात्र ती घरघर बऱ्याचदा विमान दिसण्याआधीच ऐकू येते. आवाज आला की चित्रीकरण सोडून लगेच ड्रोन खाली घ्यायचा. विमान कुठून येतंय ते नंतर शोधायचं. त्यासाठी ड्रोन कानाच्या आणि डोळ्याच्या टप्प्यात मात्र असायला हवा.

२१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला ड्रोन धडकला. उडवणारा चार किलोमीटर दूर होता. ड्रोन परत आला नाही, एवढंच त्याला माहीत होतं. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावरून तपास करणारे त्याच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्याला कळलं की तो कशाला धडकला होता.