आतड्यात न मुरणारं पाणी

शेजारच्या काकूंची कॅप्सूल एंडोस्कोपी ठरली, म्हणजे कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळून लहान आतड्याची तपासणी. डॉक्टरांनी दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर दिली होती. काकूंनी मला दोन प्रश्न विचारले. त्याऐवजी एरंडेल चालेल का? आणि खारट लागलं तर साखर घालू का?

एरंडेलाचं उत्तर सोपं आहे. त्याने आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात, मुरडा येतो. इथे गरज आहे ती आतडं धुण्याची. जेमतेम 26 मिलिमीटर लांबीची ही कॅप्सूल सेकंदाला साधारण दोन फोटो घेते. आठ तासांत पन्नास हजारांवर. पण दुर्बिणीसारखी तिला पाण्याची पिचकारी मारता येत नाही की घाण ओढून घेता येत नाही. पित्ताचा हिरवा थर किंवा फेस आड आला, तर रक्तस्रावाची जागा दिसतच नाही. फेस मोडायला सिमेथिकोन नावाचं औषध देतात.

साखरेचा प्रश्न मात्र फार सुंदर आहे. नुसतं दोन लिटर पाणी प्यायलो तर लहान आतडं ते सहज शोषून घेतं. रोज सात-आठ लिटर द्रव मुरवणं हे त्याचं नेहमीचंच काम. मग पाणी आतच कसं ठेवायचं? पावडरीतलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे काम करतं. हा लांब साखळीचा रेणू आहे. साखळीतले ऑक्सिजनचे अणू हायड्रोजन बंधांनी पाणी धरून ठेवतात. ग्लुकोजचा रेणुभार 180, याचा सुमारे 3350. त्यामुळे तो आतड्याच्या भिंतीतून जवळजवळ शिरत नाही, आणि जिवाणू त्याला आंबवून वायूही करत नाहीत. पूर्वी मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ द्यायचे, तेव्हा मोठ्या आतड्यात हायड्रोजन साठायचा. विजेच्या उपकरणाने गाठ काढताना त्याचा स्फोट झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

पावडरीत क्षारही असतात, नाहीतर रक्तातलं सोडियम आतड्यात झिरपलं असतं. बरंचसं सोडियम सल्फेटच्या रूपात घालतात. सल्फेट फारसं शोषलं जात नाही आणि विद्युतभाराचा तोल राखायला सोडियमलाही मागे थांबावं लागतं. 1980 साली अमेरिकेत पोटविकारतज्ज्ञ फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी हे मिश्रण बसवलं.

आता जलसंजीवनी आठवा. तिच्यात ग्लुकोज मुद्दाम घालतात, कारण पेशीत शिरताना ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन सोबत नेतो आणि मागोमाग पाणी जातं. जुलाबात हेच जीव वाचवतं. काकूंनी चमचाभर साखर घातली, तर धुण्यासाठी आणलेलं पाणी थोडंफार असंच मुरू लागेल. म्हणून साखर नको. थंड करून प्यावं, चव कमी जाणवते.

‘आतड्यात वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो, तो डिटॉक्सने काढा’ या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नका. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. वर्षानुवर्षं चिकटून राहायला जागाच नसते.

काकू लोहाच्या गोळ्या घेत होत्या. त्या गोळ्यांनी मळ काळा होतो आणि चित्रं बिघडतात, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवतात. काकूंनी ते डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मी लगेच फोन करायला लावला.